बेळगावहून शापोरा: सिनेमातली भिंत आणि तिच्या पायथ्याचं गाव

समुद्रावरच्या किल्ल्याची ती भिंत आणि तिच्यावर बसलेले तीन मित्र हे दृश्य आपल्याकडे तिशी-चाळिशीतल्या बहुतेकांना तोंडपाठ आहे. ‘दिल चाहता है’ २००१ मध्ये आला आणि गोव्याच्या बारदेश तालुक्यातला शापोरा किल्ला घराघरांत पोहोचला. तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणीहून निघालेली मित्रांची टोळकी त्या भिंतीपर्यंत जातात, तसाच फोटो काढतात आणि अर्ध्या तासात बागा-कळंगुटकडे वळतात. किल्ल्याखाली नदीच्या मुखावर मासेमारांचं एक जितंजागतं गाव आहे, हे अनेकांना घरी परतेपर्यंत कळत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. भिंत पाहायला वीस मिनिटं पुरतात, गावाला मात्र एक मुक्काम द्यायला हवा. म्हणून खालची सगळी आखणी एका रात्रीच्या मुक्कामाची आहे.

केव्हा जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सगळ्यांनाच सोयीचे, त्यामुळे गर्दीही तेव्हाच. नाताळच्या आधीच्या आठवड्यापासून नवीन वर्ष उजाडेपर्यंत या पट्ट्यात जाऊ नका. खोल्यांचे भाव चढलेले असतात आणि हणजूण-वागातोरच्या अरुंद रस्त्यांवर गाडी पुढे सरकत नाही. मला विचाराल तर सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर. पाऊस ओसरलेला असतो, किल्ल्याच्या माथ्यावर गुडघाभर हिरवं गवत असतं आणि चोर्ल्याच्या घाटात पाण्याची धार अजून आटलेली नसते. एप्रिल-मे मध्ये तोच माथा तांबडा आणि भकास होतो, सावलीही नसते.

पावसाळ्यातही जाता येतं, पण कशासाठी जायचं हे ठरवून जा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरच्या मासेमारीवर बंदी असते, त्यामुळे जेटीवर बोटी नुसत्या बांधून ठेवलेल्या दिसतील. समुद्रात उतरायलाही मनाई असते. मात्र २४ जूनला जवळच्या शिवोलीत सांजावचा सण असतो. सजवलेल्या होड्यांची मिरवणूक, डोक्यावर फुलापानांचे मुकुट घातलेली माणसं, भर पावसात विहिरींत उड्या. त्या एका दिवसासाठी भिजत जायला हरकत नाही.

वार निवडता येत असेल तर गुरुवार-शुक्रवार किंवा शुक्रवार-शनिवार धरा. शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरतो आणि तो चुकवू नये असा आहे.

रस्ता कोणता धरायचा

बेळगाव शहरातून सरळ मार्ग चोर्ला घाटाचा. पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, मग घाट उतरून गोव्यातलं केरी, साखळी, डिचोली, म्हापसा आणि तिथून शापोरा. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे. चहापाण्यासह साडेतीन ते चार तास धरा. पहाटे साडेपाचला निघालात तर जांबोटीच्या जंगलात उजाडतं आणि त्या वेळचा रस्ता फार सुंदर असतो.

टाकी निदान घाट उतरण्यापुरती भरून घ्या. काठोकाठ भरायची गरज नाही, कारण गोव्यात पेट्रोल बहुतेक वेळा कर्नाटकापेक्षा स्वस्त मिळतं. कणकुंबीपासून केरीपर्यंत मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून नकाशा घरीच उतरवून ठेवा. पावसाळ्यात या घाटात दाट धुकं असतं आणि दरडीही येतात. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी रस्ता चालू आहे का, याची खात्री करून घ्या.

कणकुंबीला थांबाच. मलप्रभेचा उगम इथे माउलीच्या देवळाजवळ आहे. तिचं पाणी पूर्वेला जातं, कृष्णेला मिळतं आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचतं. त्याच कणकुंबीतला कळसा नाला पश्चिमेला वळून म्हादईत जातो आणि म्हादई मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. एका गावातल्या पाण्याला दोन समुद्र. त्या पाण्यावरून दोन राज्यांत चाललेला वाद आपण रोज पेपरात वाचतो, पण ती जमीन पायाखाली असताना तो जास्त समजतो.

निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लजकडच्या मंडळींनी बेळगावला यायची गरज नाही. संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा आणि तिथून महामार्गाने म्हापसा, हा मार्ग त्यांना सोयीचा. कारवारकरांनी काणकोण-मडगाववरून यावं. चंदगड-पाटणे फाट्यावरून तिळारी घाटाने दोडामार्गला उतरणारा रस्ता जवळचा वाटतो, पण त्याचा उतार फार तीव्र आहे. घाटात हात बसलेला चालक असेल, पाऊस नसेल आणि गाडीचे ब्रेक चोख असतील तरच तो धरा.

त्या तिळारीबद्दल एक सांगायलाच हवं. चंदगडच्या डोंगरातून निघून दोडामार्गाकडे उतरणारी ती नदीच पुढे शापोरा नदी होते आणि किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. बुरुजावरून उत्तरेकडे जे मुख दिसतं, त्यातलं पाणी आपल्या शेजारच्या तालुक्यातून आलेलं असतं. हे माहीत असलं की तिथे उभं राहताना परक्या ठिकाणी आल्यासारखं वाटत नाही.

बसने जायचं तर बेळगावच्या मध्यवर्ती स्थानकावरून चोर्लामार्गे पणजीला जाणारी कर्नाटकची किंवा कदंबची (गोव्याच्या सरकारी महामंडळाची) बस घ्या. बस म्हापशावरून जात नसेल तर डिचोलीला उतरा, तिथून म्हापशाला बस मिळते. म्हापसा स्थानकावरून वागातोर-शापोऱ्याकडे छोट्या खासगी बस जातात. संध्याकाळनंतर त्या विरळ होतात, म्हणून दिवसाउजेडी गाव गाठा. रेल्वेचा विचार या सहलीसाठी नको. बेळगावहून लोंढा, कॅसलरॉक, दूधसागरमार्गे जाणारी गाडी वास्कोला पोहोचवते आणि तिथून बारदेश लांब पडतं. दूधसागरसाठी तो प्रवास वेगळा करा.

पहिला दिवस: वाटेत आणि बाजारात

डिचोलीला पोहोचलात की म्हापशाचा रस्ता तात्पुरता सोडून नार्व्याला वळा. तिथे सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. पोर्तुगीजांनी मूळ देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला आणला गेला आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला. त्याचा शिलालेख देवळात आहे. अलीकडे गोवा सरकारने देवळाचं पुन्हा जतन केलं आणि २०२३ मध्ये ते भाविकांसाठी खुलं झालं. जागा शांत आहे, झाडीत आहे, आणि शापोऱ्याच्या किल्ल्याची गोष्ट समजायला इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. कपडे देवळाला साजेसे असू द्यात. समुद्रावरच्या अर्ध्या चड्ड्या पिशवीतच राहू देत.

शुक्रवार असेल तर दहाच्या आत म्हापसा गाठा. बाजारात आसपासच्या गावांतल्या बाया टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. हरमलची मिरची, मयड्याची केळी, आमसुलं, नारळाचा गूळ, सुकी मासळी आणि उन्हाळ्यात मानकुराद आंबा. आपल्या बाजारात हापूसचं राज्य असतं, पण मानकुरादची चव एकदा घेतली की गोंयकार त्याच्यासाठी एवढे का भांडतात ते कळतं. घासाघीस करा, पण शेतावरून माल डोक्यावर आणणाऱ्या बाईशी पाच-दहा रुपयांवरून हुज्जत घालू नका. बाजार अकरा-बाराच्या सुमारास सर्वात भरलेला असतो, त्यामुळे गाडी बाजारापासून दूर लावून चालत जा.

दुपारचं जेवण म्हापशात किंवा शिवोलीत कुठल्याही साध्या खानावळीत घ्या. शीत (म्हणजे भात), कढी, तळलेला बांगडा किंवा इसवण (आपण जिला सुरमई म्हणतो ती), तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. किनाऱ्यावरच्या चकचकीत उपाहारगृहांत हीच थाळी तिप्पट दराने आणि निम्म्या चवीने मिळते. शाकाहारी मंडळींनी देवळांच्या आसपासची किंवा बाजारातली हॉटेलं पाहावीत. भाजी-पाव सगळीकडे मिळतो आणि चांगला असतो.

मुक्काम

वागातोरच्या टेकडीवर रात्री संगीताचा दणका असतो. लहान मुलं किंवा वडीलधारी बरोबर असतील तर शिवोली, आसगाव किंवा शापोरा गावाच्या आतल्या बाजूला खोली घ्या. घरातल्याच दोन-तीन खोल्या भाड्याने देणारी कुटुंबं इथे पुष्कळ आहेत. खोली ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा: गाडी कुठे लावायची, रात्री आवाज किती असतो, सकाळी सहाला बाहेर पडायला फाटक उघडं असेल का. तिसरा प्रश्न विसरू नका, कारण दुसऱ्या दिवसाची सगळी आखणी त्याच्यावर आहे. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र जवळ ठेवा.

स्वतःची गाडी नसेल आणि दुचाकी भाड्याने घ्यायची असेल, तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. ती भाड्याने द्यायला परवाना असलेली गाडी असते. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळते, पण पोलिसांनी अडवलं तर दंड भरावा लागतो आणि अपघात झाला तर विम्याचं काही खरं नाही. हेल्मेट दोघांनाही हवं. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. टॅक्सीचा दर बसण्याआधी ठरवा.

पहिली संध्याकाळ: किल्ल्यावर जाऊ नका

हा सल्ला ऐकून लोक बिचकतात. सूर्यास्तासाठीच तर आलो, असं म्हणतात. पण सूर्यास्ताला किल्ल्यावर शेकडो माणसं असतात, भिंतीवर जागेसाठी ताटकळावं लागतं, सूर्य थेट कॅमेऱ्यात घुसतो आणि अंधार पडल्यावर घसरड्या मुरमावरून सगळी गर्दी एकदम खाली उतरते. पाय मुरगळतो तो त्या वेळी.

त्याऐवजी शिवोलीच्या पुलावरून नदी ओलांडून मोरजीला जा. पलीकडच्या वाळूवर बसलात की नदीचं मुख, त्यामागची टेकडी आणि तिच्या माथ्यावर किल्ल्याची तांबडी कड, असं सगळं एका नजरेत येतं. किल्ला कुठे आणि कशासाठी बांधला, हे समजायला याहून चांगली जागा नाही. नदीतून आत शिरणारं प्रत्येक गलबत त्या टेकडीच्या टप्प्यात येतं.

मोरजीचा किनारा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीसाठी राखलेला आहे. नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान माद्या रात्री अंडी घालायला वाळूवर येतात. कुंपण घातलेल्या भागात शिरू नका आणि अंधार पडल्यावर वाळूवर बॅटरी किंवा मोबाइलचा झोत टाकू नका. प्रकाशाने मादी माघारी फिरते आणि पिल्लंही समुद्राकडे जायच्या ऐवजी दिव्याकडे जातात. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मे महिन्यात सातच्या जवळ. त्या हिशेबाने अर्धा तास आधी पोहोचा.

दुसरी सकाळ: चढाई

उजाडता उजाडता वर चढायला लागा. चढ दहा-पंधरा मिनिटांचा आहे. वागातोरच्या बाजूची वाट छोटी पण उभी आणि सुट्या मुरमाची आहे, गावाच्या बाजूने चढण थोडी लांब पडते. माझा क्रम असा: वागातोरच्या बाजूने वर जायचं आणि गावाच्या बाजूने उतरायचं, म्हणजे उतरणं सोपं होतं आणि थेट जेटीकडे जाता येतं. चप्पल नको, पकड असलेले बूट घाला. पाण्याची बाटली बरोबर असू द्या, माथ्यावर दुकान नाही, सावली नाही, शौचालय नाही. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना ओढून वर नेऊ नका. त्यांच्यासाठी खाली गावात पुरेसं आहे.

दरवाजातून आत गेलात की पहिल्यांदा वाटतं, इथे काहीच नाही. खरोखरच आत मोठं बांधकाम उरलेलं नाही. जांभ्या दगडाचा तट, कोपऱ्यांवरचे बुरूज, टेहळणीचे गोल मनोरे आणि मधे उघडा माळ. पण तटाला धरून पूर्ण फेरी मारा. पूर्वेकडून सूर्य वर येतो आणि त्याचा उजेड आधी पलीकडच्या मोरजीच्या वाळूवर, मग दक्षिणेच्या वागातोरवर पडतो. सिनेमातली जागा वागातोरच्या बाजूच्या तटावर आहे आणि शोधावी लागत नाही, तिथला दगड माणसांच्या बसण्याने गुळगुळीत झाला आहे. सकाळी तिथे तुमच्याशिवाय फार तर दोन-चार जण असतील. फोटो काढा, पण मागे कडा आहे आणि कठडा नाही. तटाच्या कडेवर उभं राहून, पाठ करून, उडी मारताना काढायचे फोटो नकोत. जांभा पावसाने आणि शेवाळाने पोकळ होतो आणि वरून मजबूत दिसणारा दगड पायाखालून निसटतो. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका.

आता त्या दगडांची गोष्ट. बारदेश पोर्तुगीजांकडे गेलं ते १५४३ मध्ये. त्याआधी इथे आदिलशाहीचा अंमल होता आणि टेकडीच्या उतारावर मुसलमानी थडग्यांचे अवशेष अजून दिसतात. पोर्तुगीजांच्या दृष्टीने ही त्यांच्या मुलखाची उत्तर सीमा, नदीपलीकडे पेडणे दुसऱ्यांचं. संभाजी महाराजांनी १६८३च्या अखेरीस गोव्यावर स्वारी केली तेव्हा बारदेश हादरलं, आणि १६८४ मध्ये मराठ्यांचा तळ इथे पडल्याचं सांगितलं जातं. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर महाराजांच्या आश्रयाला आला होता, तोही त्या दिवसांत याच डिचोली-बांद्याच्या पट्ट्यात होता. त्या धक्क्यानंतर पोर्तुगीजांनी १७१७ मध्ये किल्ला नव्याने उभारला. आज आपण ज्या तटावर बसतो तो हा. तरीही १७३९ मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांनी तो जिंकला. चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेच हे साल. दोन वर्षांनी तो परत पोर्तुगीजांकडे गेला. पुढे पेडणेही त्यांच्या ताब्यात आल्यावर सीमा उत्तरेला सरकली, किल्ल्याचं काम संपलं आणि १८९२ मध्ये तो सोडून देण्यात आला.

सीमा सरकली की किल्ला ओस पडतो आणि माणसं मात्र होती तिथेच राहतात, हे आपल्या भागातल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. बरोबर मुलं असतील तर त्यांना ही गोष्ट तटावर बसूनच सांगा. नुसत्या फोटोपेक्षा ती जास्त दिवस टिकेल.

जेटी आणि गाव

आठच्या सुमारास खाली उतरा आणि नदीकाठच्या जेटीकडे चालत जा. सकाळी लवकर बोटी लागलेल्या असतात. टोपल्या उतरतात, बर्फ फुटतो, बाया आणि व्यापारी बोली लावतात. बांगडे, तारल्या, सुंगटं (कोळंबी), मुडदुशा. ट्रॉलरवरचे खलाशी बऱ्याचदा परराज्यातले असतात, त्यामुळे कोकणीबरोबर हिंदी आणि कन्नडही कानावर पडेल. आपण बेळगावकर तीन भाषांत वावरणारे, इथे त्याचा खरा उपयोग होतो. मराठी गावात बहुतेकांना समजते. तुम्ही मराठीत विचारा, ते कोकणीत उत्तर देतील, काही अडत नाही.

जेटीवर कसं वागायचं ते नीट लक्षात ठेवा, कारण हे त्यांच्या पोटापाण्याचं ठिकाण आहे. टोपल्या वाहणाऱ्यांच्या वाटेत उभं राहू नका. जाळ्यावर पाय देऊ नका, ते वाळत घातलेलं असलं तरी. माणसांचे, विशेषतः मासळी विकणाऱ्या बायांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. मासे घ्यायचे असतील तर बोली चालू असताना मधे तोंड घालू नका, ती संपू द्या आणि मग किरकोळ विकणाऱ्या बाईकडून घ्या. मुक्कामाच्या घरी आदल्या रात्री विचारून ठेवलंत तर तिथली आई तेच मासे दुपारच्या जेवणात करून देईल.

मग गावाच्या नाक्यावर या. वडाच्या सावलीत फळांच्या रसाची दुकानं आहेत, तिथे बसा. जगभरातून आलेले, महिनोन् महिने राहिलेले परदेशी आणि दारात जाळी दुरुस्त करणारे गाववाले एकाच बाकावर बसलेले दिसतात. इथे घाई करू नका. जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरांच्या गल्ल्यांतून चक्कर मारा, पण ही राहती घरं आहेत, कुणाच्या व्हरांड्यात शिरून फोटो काढायचे नाहीत. याच तालुक्यातल्या पर्रा गावात, मनोहर पर्रीकरांच्या मूळ गावी, माडांच्या दुतर्फा रांगांचा रस्ता पडद्यावर दिसला आणि त्यावर इतकी झुंबड उडाली की २०१९ मध्ये पंचायतीने फोटो काढणाऱ्यांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली होती. पाहुण्यांनी टाकलेला कचरा गावालाच उचलावा लागत होता.

समुद्रस्नान करायचं तर वागातोरला जीवरक्षक हजर असतील तेव्हाच, आणि लाल निशाण असेल तर अजिबात नाही. तिथे खडक आहेत आणि परतीच्या लाटेला ओढ जबर असते. घटप्रभा-मलप्रभेत पोहायला शिकलेल्याने समुद्रात आपला अंदाज चालवू नये. किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं आणि स्वयंपाक करणं हा गोव्यात दंडनीय गुन्हा आहे.

परतताना

दोनपर्यंत म्हापसा सोडा, म्हणजे घाट उजेडात चढून होतो. अंधारात चोर्ल्याच्या रस्त्यावर गवे येतात, वळणावर दिवा पडेपर्यंत दिसत नाहीत. भीमगड आणि म्हादई ही दोन अभयारण्यं याच जंगलात आहेत, तेव्हा वेग कमी ठेवा आणि वाटेतल्या माकडांना खायला घालू नका. गोव्यातून परवान्याशिवाय दारू कर्नाटकात आणायला बंदी आहे आणि कणकुंबीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. स्वस्त मिळाली म्हणून एकाने पिशवीत बाटल्या टाकल्या तर सगळ्या गाडीला रात्र तिथे काढावी लागते. त्यापेक्षा काजू, कोकम आणि हरमलची मिरची घ्या. सुकी मासळी घेतलीत तर दोन पिशव्यांत घट्ट बांधून टपावर ठेवा. आणि पुढच्या वेळी त्याच घरी उतरायचं मनात असेल, तर जाताना बेळगावचा कुंदा घेऊन जा.